दर्भाचा कावळा

कॉलेजात मी दरवर्षी एक जुनी इंग्रजी भयकादंबरी शिकवते. एक हुशार माणूस प्रेतांच्या तुकड्यांतून राक्षस घडवतो आणि घाबरून पळतो. राक्षस खून करतो, फाशी जाते बिचारी मोलकरीण. ती निर्दोष आहे हे घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक, तरी हा गप्प! वर पश्चात्ताप केवढा, पानंच्या पानं. मुलं हळहळतात. मला मात्र त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, कारण असलाच एक माझ्या घरात दोन वेळा जेवतो.

नवऱ्याचं अंबडला वर्कशॉप. भंगारातून त्यानं स्वतः प्रेस मशीन उभं केलं. काय ते कौतुक! येईल त्याला दाखवायचा. हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या समोरच्या जाळीमुळे काम हळू होतं म्हणून जाळीही त्यानंच काढली, आणि मला जेवताना फुशारकीनं सांगितलं. पुढे देवळ्याचा एक ऑपरेटर त्यात सापडून गेला. गळ्यात माळ घालणारा पोरगा. ह्यानं सगळ्यांना काय सांगावं? "पिऊन आला होता."

दहाव्याला आम्ही गोदाकाठी गेलो. पिंड मांडला. कावळे भिंतीवर बसलेले, पण शिवायला एकही येईना. मेलेल्याचं काहीतरी अडलंय, असं सगळे कुजबुजले. गुरुजी म्हणाले, "कुणीतरी शब्द द्या."

नवरा हात जोडून पुढे. "त्याच्या बायकोला कामाला लावतो."

कावळे ढिम्म.

पोराची आई म्हणाली, "शेठ, माझं पोरगं पेत नव्हतं. तेवढंच बोला. गावात तोंड दाखवायची सोय नाय राहिली."

नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा ना. उशीर होतोय."

गुरुजी गवत वळायला लागले. ते पिंडाला टेकवलं की झालं, सुटला हा! माझं डोकंच सणकलं.

"अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? गुरुजी, तो पीत नव्हता. मशीनची जाळी ह्यांनी काढली होती. पोलिसांपुढेही मी हेच सांगणार आहे."

"घरी चल, मग बघतो तुझ्याकडे," नवरा दात खात म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. बसू दे.

पोराच्या आईनं गुरुजींच्या हातातला दर्भ काढून घेतला.

"थांबू जरा," ती म्हणाली. "आता येईल तो."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.