मक्याची बासी

सन १९९५. मी छप्पन वर्षांचा होतो आणि पोलाद कारखान्याच्या भट्टीवर माझ्याइतका टिकणारा माणूस आमच्या पाळीत नव्हता. हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरनं शुगर सांगितली. "दादा, चावल बंद. सुबह तो बिलकुल नहीं. चने भिगोकर खाओ, नहीं तो आँख जाएगी."

साखर गेली तर जाऊ दे. पण सकाळचा भात म्हणजे आमची बासी. रात्रीचा भात पाण्यात टाकून ठेवायचा, सकाळी त्यात मीठ घालून कांदा-मिरचीसोबत खायचा. आम्ही भंडाऱ्याकडचे धानाचे लोक, इथले छत्तीसगडी शेजारीही तेच खाणारे. पहाटेच्या पाळीआधी मी अन् माझी बायको क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसायचो, मधात एकच गंज, म्हणजे पातेलं. लोखंड वाहायला लागलं की समोर उभं राहवत नाही, पण पोटातला तो गारवा दुपारपर्यंत पुरायचा. घरात पोरगा, सून, नातवंडं. आम्हा दोघांचं बोलणं व्हायचं ते त्या गंजावरच. गावची आठवण, सुनेची तक्रार, सगळं तिथं.

पोरगा मला सेक्टरच्या मार्केटात घेऊन गेला. फळीवर रंगीत डबे. एकावर कोंबडा, एकावर दूध सांडून राहिलेलं.

"बाबा, हे घ्या. मक्याचे पोहे. साहेब लोक हेच खातात."

"मका काय दवाई हाय का? तोही दाणाच न बे."

"मंग दलिया घ्या."

"तो तं मी पोरं बिमार पडले तवा खाऊ घालायचो. मी बिमार नाही."

"बाबा, मंग तुमाले पाहिजे तरी काय?"

मला काय पाहिजे होतं ते त्या फळीवर नव्हतं. त्यानं शेवटी कोंबड्याचाच डबा घेतला. मी त्याला हात लावला नाही. चणे म्हणजे घोड्याचं खाणं, तेही नको म्हटलं. नुसता बिनसाखरेचा चहा पिऊन पाळीवर जायला लागलो. पायरीवर बसणंही सोडलं. रिकाम्या हातानं तिथं बसून काय करायचं?

मग एका सकाळी बायकोनं आवाज दिला. "अजी, या ना इकडं. बासी हाय."

मी गेलो. तोच गंज. आत पिवळा, घट्ट लगदा, वर कांदा, मिरची, मीठ. डब्यातले मक्याचे पोहे तिनं रातभर पाण्यात भिजवले होते. आमच्या घरात सकाळचं खाणं भिजवल्याशिवाय होतच नव्हतं, तिचं तरी काय चुकलं?

"काय केलं वं हे?"

"भात नाही त्याच्यात. डॉक्टर काही म्हणनार नाही."

मी एक घास घेतला. भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ तशी चव. ती माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती.

"बरी लागली का?"

"लई बरी."

"मंग डोळ्यातून पानी कावून येऊन राहिलं?"

"मिरची तिखट हाय."

ती पदर तोंडाला लावून हसली. मी हट्टानं आणखी दोन घास गिळले. तेव्हा तिनं स्वतः एक चाखला अन् अंगणात थुंकला. "बाप्पा! हे ढोरंही नाही खानार जी."

"मंग तू तुझी बासी खा न. तुले कोणी मना केलं?"

ती कांद्याची साल काढत बसली. "मी नाही खात. तुमाले बंद झाली तवापासून एकटीच्या घशाखाली उतरतच नाही."

मला हे माहीत नव्हतं. एवढे दिवस मी तिकडं चहा पिऊन रुसलेला, अन् इकडं हीही उपाशीच.

"आज रातच्याले भात टाक पाण्यात," मी म्हटलं. "तुझ्यापुरता. अन् माझ्यासाठी चणे."

"घोड्याचे?"

"घोड्याचेच."

रिटायर झालो तसं कारखान्याचं क्वार्टर सुटलं, ती पायरी आता दुसऱ्या कोणाची आहे. कोहक्याच्या आमच्या आताच्या घराला मागं पायरीच नाही, अन् असती तरी ती गेल्यावर मी कोणासोबत बसलो असतो? भिजवलेले चणे मी अजून खातो. चव तशी येत नाही.

तवा मात्र, त्या मक्याच्या बासीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी माझी चण्यांची वाटी तिच्या गंजाला टेकवून ठेवली, तिच्या बाजूला बसलो अन् तिच्या बासीतला कांदा उचलून खाल्ला.