नळीचं दुसरं टोक

मोहन्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याला, गोदामांच्या रस्त्यावर एक जागा आहे. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक सोडला की ती चढावर चढताना दिसते. पाणी ओतलं तर तेही वर वाहतं. लोक त्या जागेला 'उलटा चढ' म्हणतात. रविवारी पार ठाण्यापासून माणसं पोराबाळांना घेऊन येतात, टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात आणि वडापाव खाऊन घरी जातात. कोणी म्हणतं जमिनीखाली लोहचुंबक आहे, कोणी म्हणतं देवीचं ठाणं आहे. खरं तर तिथे काहीही नाही. रस्ता साधा उताराचा आहे. पण शेजारच्या गोदामाची तीनशे फूट लांब भिंत रस्त्यापेक्षा जास्त उतरती आहे आणि पाठीमागे टेकडी असल्यामुळे डोळ्याला खरी आडवी रेघ सापडत नाही. माणूस भिंतीला सपाट समजतो, मग त्याला रस्ता चढलेला दिसतो.

मला हे ठाऊक आहे, कारण ती भिंत माझ्या देखरेखीखाली बांधली गेली. मी सुधीर, तेव्हा एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर होतो. आता निवृत्त होऊन डोंबिवलीत घरी बसलोय. सांगायचं आहे ते मात्र गंगुबाईबद्दल. त्या रस्त्यावर तिचं नाव कोणी घेत नाही.

गंगुबाई ही महिपत गवंड्याची बायको. पोलादपूरकडची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मोहन्याला आली आणि दुसऱ्या आठवड्यापासून नवऱ्याच्या हाताखाली बिगारी म्हणून लागली. वाळू चाळायची, घमेली उचलायची, विटा भिजवायची आणि नळीचं दुसरं टोक धरायची.

ही नळी म्हणजे गवंड्याची पातळी. पारदर्शक पाइपात पाणी भरायचं, दिसावं म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकायची. एक टोक गवंड्याने धरायचं, दुसरं तीस फुटांवर दुसऱ्या माणसाने. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिर होईल तिथे खूण करायची. त्या दोन खुणा एका पातळीत असतात. अट एकच, नळीत हवा राहता कामा नये. हवा अडकली की दोन टोकांची पातळी जमत नाही, आणि खूण करणाऱ्याला ते कळतही नाही.

महिपत गवंडी म्हणून एक नंबर होता. माणूस म्हणून मी त्याला कधीच चांगलं म्हणणार नाही. दुसऱ्या गवंड्याची फरशी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकली तरी तो घरमालकासमोर बोट ठेवून दाखवायचा आणि त्या गवंड्याचं तोंड उतरलं की खूश व्हायचा. डोळ्यावर विश्वास ठेवू नये, पाण्यावर ठेवावा, असं तो म्हणायचा. त्याची एक लकब होती. हात मोकळा राहावा म्हणून नळीचा एक वेढा तो खांद्यावर टाकायचा. एरवी टिचक्या मारून मारून सगळी हवा बाहेर काढायचा आणि मगच वेढा घ्यायचा.

भिंतीची आखणी होती त्या दिवशी घाई मी केली. दुसऱ्या दिवशी विटांच्या गाड्या येणार होत्या. पातळी मशीनने तपासायला हवी होती, पण मशीन आमच्या वागळे इस्टेटच्या साइटवर पडलं होतं आणि ते मागवायचा मला कंटाळा आला. मी महिपतच्या मागे लागलो. त्याने नळीत पाणी भरलं, दोनच टिचक्या मारल्या, वेढा खांद्यावर टाकला आणि गेटच्या खांबापासून सुरुवात केली.

तिसऱ्या खुणेला गंगुबाई टोक हातात धरून म्हणाली, "अहो, तुमच्या खांद्यावर पांढरं दिसतंय."

निळ्या पाण्यात वीतभर पांढरं म्हणजे हवा. त्याला स्वतःच्या खांद्यावरचं दिसणं शक्य नव्हतं. समोर उभ्या असलेल्या माणसालाच ते दिसणार. मलाही दिसलं. सगळं पुन्हा भरून पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे दिवस गेला असता, म्हणून मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. महिपत सगळ्या बिगाऱ्यांसमोर तिच्यावर खेकसला, "तू डोकं नको लावूस. नळी धर."

तिने धरली. दहा खुणा झाल्या आणि प्रत्येक खुणेला पातळी चार बोटं खाली घसरली. पुढे काम चालू असताना ती एकदा म्हणाली, भिंत उतरतेय. तेव्हा महिपतने तिला सांगितलं की बाईच्या डोळ्याने भिंती उभ्या राहत नसतात. त्याचं पाणी कधी चुकलं नव्हतं, आणि टेकडीमुळे आम्हा बाकीच्यांचे डोळेही फसलेले होते.

प्लास्टर झालं, रंग झाला, भिंतीवर आडवे दोन लाल पट्टे ओढले आणि गोदामाचा मालक बघायला आला. गेटपाशी सहा फूट असलेली भिंत शेवटाला साडेचार फूट भरली. मालक आधी हसला. मग त्याने टेप मागवला, मग महिपतला नाव विचारलं, गाव विचारलं आणि विचारलं, गवंडीकाम तिकडे शिकलात का. महिपत आयुष्यभर लोकांना जे करत आला होता तेच त्याला चारचौघांत मिळत होतं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो वळला आणि त्याने विचारलं, दुसरं टोक कोणाच्या हातात होतं.

गंगुबाई वाळूच्या ढिगापाशी उभी होती. त्याने तिचा उजवा हात खेचून विटांच्या थप्पीवर ठेवला आणि थापीच्या मुठीने मारला. दोनदा. "या हाताने नाव घालवलं माझं," म्हणाला. बोटं दुसऱ्या हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं. मी दहा फुटांवर होतो. हवा त्याच्या खांद्यावर होती एवढं चार शब्दांचं वाक्य मला बोलता आलं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता की साहेब, तुम्ही काय करत होतात. मी मालकाला म्हटलं, लेबरची चूक आहे. आणि चहा मागवला.

तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं, अशी दोन बोटं त्यानंतर कधी मिटली नाहीत.

मालकाने भिंत पाडली नाही. त्याला गोदाम चालवायचं होतं. त्याने वर काटेरी तार लावली आणि भेटेल त्या कंत्राटदाराला किस्सा सांगितला. कल्याणपर्यंत महिपतचं हसं झालं. मोठी कामं बंद झाली, मोऱ्या दुरुस्त करण्यावर आला. घरी त्याने याचा वचपा रोज काढला. डाळ सांडली तर म्हणायचा, हिने धरली असेल. मुलाच्या लग्नात गंगुबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली तेव्हा भर मांडवात म्हणाला, ताट दुसऱ्या कोणाकडे द्या, हिच्या हातात उतरतं. पाहुणे हसले. सूनही हसली, नवी होती तरी. शेवटी ताट गंगुबाईच्या जावेने धरलं.

बारा वर्षं हे चाललं. गंगुबाई मोडक्या बोटांनी कल्याणला चार घरची भांडी घासत राहिली. मग कोपरला राहणारा विनीत नावाचा एक पोरगा बाइकचं पेट्रोल संपलं म्हणून त्या रस्त्यावर थांबला आणि त्याची बाइक आपोआप वर निघाली. त्याने रील टाकली. महिन्याभरात तिथे रांग लागली. शेजारच्या राघोने, म्हणजे तिथल्या आगरी शेतकऱ्याने, चहाची टपरी टाकली. टपरीच्या चार झाल्या. पाण्याचा खेळ दाखवायला बाई हवी होती, ती राघोने गंगुबाईच ठेवली. तिने कळशी आणायची, तांब्याने रस्त्यावर पाणी ओतायचं, पाणी वर निघालं की लोकांनी टाळ्या वाजवायच्या. दर रविवारी ती त्याच भिंतीपाशी उभी राहायची. हे का होतं, ते त्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

एका रविवारी ती आपला डबा करायला विसरली म्हणून महिपत शिव्या घालायला तिथे आला आणि ती गर्दी बघून थांबला. विनीत कॅमेऱ्यात बोलत होता की भिंतीचाही यात काहीतरी हात आहे, बनवणारा कोण असेल, मिस्ट्री आहे बॉस. महिपतने केसांवरून हात फिरवला आणि पुढे झाला. म्हणाला, मी बांधली. मुद्दाम तशी बांधली. टेकडीचा अंदाज घेऊन, पाण्याचा हिशोब करून. हे ज्ञान आता कोणाकडे राहिलेलं नाही.

त्याला हार घातला गेला. त्याचा फोटो छापून राघोच्या टपरीवर बॅनर लागला, 'उलट्या चढाचे जनक'. विनीतने कॅमेरा गंगुबाईकडे वळवून विचारलं, आजी, तुम्ही पण होता का तेव्हा? तिने तोंड उघडायच्या आत महिपतने उत्तर दिलं, "ती नुसती नळी धरायची."

चूक होती तोवर ती तिची होती. त्याच चुकीला हार पडायला लागले तेव्हा ती त्याची झाली. मी तो व्हिडिओ घरी सोफ्यावर बसून पाहिला आणि मला स्वतःची किळस आली. फोन बंद करून मी जेवायला बसलो.

आठ दिवसांनी गंगुबाई माझ्या दारात आली. कुठून कुठून पत्ता विचारत आली होती. आत बोलावलं तरी खुर्चीवर बसली नाही. तिला पैसे नको होते, बॅनरवर नाव नको होतं. "साहेब, तुमाला दिसलं होतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "एकदा त्यांच्यासमोर येऊन सांगा, माझा हात चुकला नव्हता. एकदाच. मग मी काय मागणार नाय." मी हो म्हटलं. रविवारी येतो म्हटलं. त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे होते. पुढच्या रविवारी नव्हते, तरी मी गेलो नाही.

दोन वर्षांनी गटाराची लाइन टाकायला भिंतीलगत खोदलं आणि एका दुपारी अख्खी भिंत आडवी झाली. उरला फक्त गेटचा खांब. रस्ता उघडा पडला आणि बघणाऱ्या कोणालाही दिसलं की तो उताराचा आहे. गाड्या उतारावरून खाली जात होत्या, त्यात बघण्यासारखं काय? टपरीवाले हवालदिल झाले. त्यांनी गोदामवाल्याला तयार केलं आणि महिपतला बोलावलं. जशी होती तशी बांधा, म्हणाले. तुम्हीच जनक.

मलाही राघोने बोलावलं, जुना सुपरवायझर म्हणून. जुन्या फोटोंवरून हिशोब करून तो उतार मी अर्ध्या तासात काढून दिला असता. दिला नाही. महिपतचं काय होतं ते मला बघायचं होतं. मी गंगुबाईला न्याय मिळावा म्हणून गप्प बसलो असं कोणाला वाटत असेल तर त्याने माझी तेवढी लायकी नाही हे समजून घ्यावं.

महिपतने अंदाजाने खुंट्या ठोकल्या आणि दोरी ओढली. गाडी सोडली तर ती उतरतानाच दिसली. खुंट्या खाली घेतल्या, दोरी नुसती वाकडी दिसायला लागली. चार दिवस हे चाललं. विनीत सगळं लाइव्ह दाखवत होता. कोणीतरी ओरडलं, काका, जनक तुम्हीच ना? माणसं हसली, आणि महिपतचा चेहरा पुन्हा तसाच झाला, चौदा वर्षांपूर्वी मालकासमोर झाला होता तसा.

तेव्हा गंगुबाई कळशी खाली ठेवून पुढे आली. जवळच्याच आपल्या खोपटाच्या मागून तिने ती जुनी नळी आणली. पाणी भरलं, नीळ टाकली. एका टोकातून वीतभर हवा आत जाऊ दिली. मग सगळ्यांच्या देखत नळीचा वेढा त्याच्या खांद्यावर टाकला आणि पांढरं बरोबर वर येईल असा सारखा केला, जसं लहान मुलाला शाळेत धाडताना सदरा सारखा करतात. "इथं होतं," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला होतं."

विनीतचा कॅमेरा चालू होता. राघो, टपरीवाले, मी, सगळे महिपतकडे बघत होतो. त्याने मान वळवून खांद्याकडे बघायचा प्रयत्न केला, त्याला दिसलं नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. घसा खाकरला फक्त.

ती नळीचं दुसरं टोक घेऊन तीस फूट चालत गेली आणि खुंटीपाशी उभी राहिली. पाणी स्थिर झालं. तिच्या बाजूला खूण बरोबर चार बोटं खाली आली. जुन्या भिंतीची पहिली खूण तीच होती, हे मोजायला कोणाला टेप लागला नाही. राघोने दोरी त्या पातळीला धरली तसा रस्ता पुन्हा चढताना दिसला. विनीत म्हणाला, अरे, जमलं की. टपरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगुबाई वाट बघत होती. टोक तिने उजव्या हातात धरलं होतं, न मिटणारी दोन बोटं बाजूला राहिली होती, आणि त्यामुळे नळी थोडी हलत होती.

महिपतने खूण केली. पेन्सिल कानावर ठेवली.

"नीट धर," तो म्हणाला.

तिने दुसरा हात लावला आणि नीट धरली.