आत्याविषयीचे अर्धे वाक्य

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. माझी कादंबरी वाचून अनेकींनी विचारले — यातले खरे किती? मी प्रत्येक वेळी हसून सांगितले की सगळे काल्पनिक आहे. ते खोटेच होते. पण लहान खोटे. मोठे अजून तुमच्यापर्यंत यायचे आहे, आणि ते नेमके कुठून मांडावे हेच मला — प्रयोगशाळेत रोज क्रमवार निरीक्षणे नोंदवणाऱ्या मला — ठरवता येत नाही.

आत्यापासून सुरुवात करते. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न मोडून शिरूरजवळच्या आमच्या गावी परतली आणि रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. घरात तिची ओळख एवढीच, की परत आलेली. कोणी पाहुणे आले की ती आपण होऊन मागच्या पडवीत जाऊन बसे. आवाज मात्र असा, की भाकरी थापताना ती गुणगुणू लागली तरी माझे अभ्यासातले लक्ष उडे.

लग्नसराईत ती हळदीच्या कार्यक्रमांत गायची, एका लहानशा ऑर्केस्ट्राबरोबर. घरी सांगे, सेकंड शिफ्ट आहे. कंपनीच्या बसने कारेगावला जायची आणि तिथे उतरून चौफुल्याची गाडी पकडायची. चौफुल्याहून पुढे यवत. सोबतीला शालन असे, पॅकिंगमधलीच तिची मैत्रीण. हे शालनला ठाऊक होते आणि मला. मला का? कारण आत्याने एकदा मला बरोबर नेले होते. ऐकायला आपले असे कोणीतरी तिला हवे होते. मांडवात म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या. गाणे संपल्यावर नवरीच्या आईने आत्याची ओटी भरली. आमच्या घरी परतल्यापासून ती कोणी भरली नव्हती. येताना गाडीत ती म्हणाली, ‘तिथं उभी राहिले ना, मंग मी कुणाची भन न्हाई, कुणी सोडलेली न्हाई. मी नुसती मीच आसते.’ हे वाक्य कादंबरीत जसेच्या तसे आहे. वाचकांना तेच सर्वांत आवडते.

आता — माझ्याकडे येते.

बारावी झाली. मला पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश मिळत होता आणि वसतिगृहात राहायला आप्पांची परवानगी हवी होती. नेमके त्याच आठवड्यात कोणीतरी आप्पांच्या कानावर घातले, की बहीण कंपनीत न जाता कारेगावलाच उतरते. कोणी सांगितले, ते मला आजही माहीत नाही. आप्पांनी मला समोर बसवले. म्हणाले, ‘घरातल्या एका बाईचा भरवसा न्हाई, तवा दुसरीला हॉस्टेलला कशी धाडू? तुला काय ठाव हाय?’

मी म्हणाले, ‘आत्या चौफुल्याच्या गाडीत बसते, आप्पा. मी पाहिलंय.’

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर यात काय आहे, असे वाटेल. चौफुला म्हटले की आमच्याकडच्या पुरुषांना तिथली लावणीची थिएटरे आठवतात, आणि तिथे नाचून पोट भरणाऱ्या बायकांविषयी आमच्या ओसरीवर जे बोलले जाई, ते लिहिण्यासारखे नाही. मी ते ऐकतच वाढले होते. आप्पा काय समजतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुढचे वाक्य — ती तिथे थांबत नाही, यवतला जाते, घरंदाज मांडवात गाते, मी स्वतः ऐकले आहे — माझ्या जिभेवर तयार होते. मी ते बोलले नाही. मी घाबरले होते का? थोडी. पण घाबरण्याआधी मी हिशेब केला होता: आत्या जितकी वाईट ठरेल, तितकी मी विश्वासाची ठरेन. निरीक्षण अचूक द्यायचे आणि निष्कर्ष चुकीचा निघू द्यायचा. विज्ञानाचे शिक्षण सुरू होण्याआधीच मला हे जमत होते.

परवानगी मिळाली. आत्याची नोकरी सुटली, मोबाइल गेला, आणि ऊस तुटायच्या आत दौंड तालुक्यातल्या एका प्रौढ विधुराशी तिचे लग्न लावून दिले. आप्पांनी तिला मारले नाही. फक्त त्या दिवशी स्वयंपाकघरात कोंडले, आणि मग तिच्याशी बोलणे सोडले. आत्याची खात्री झाली होती की शालनने घात केला. शालन भेटायला आली तेव्हा आत्याने मलाच दाराशी पाठवले. ‘तिला म्हणावं, माझं तोंड बघू नगं.’ मी गेले. हा निरोप मी शब्दशः दिला. शालनने दाराशी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या आणि ती निघून गेली.

कादंबरीत मी काय केले असेल? चुगली मैत्रिणीच्या तोंडी घातली. आणि एक भाची रंगवली — जी सगळ्या घरासमोर आत्याची बाजू घेते. बाईने बाईच्या पाठीशी कसे उभे राहावे याचे उदाहरण म्हणून त्या भाचीबद्दल भाषणे झाली. मी व्यासपीठावर बसून ती ऐकली.

आत्याने कादंबरी वाचली. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. ती आता गात नाही, गुणगुणतही नाही. तिने विचारले, ‘ती पोरगी तूच ना गं? मी सैपाकघरात कोंडलेली, मला बाहेरचं काय ऐकू आलं न्हाई. तू भांडलीस व्हय माझ्यासाठी?’

मी हो म्हणाले.

ती पदराने डोळे पुसत राहिली. म्हणाली, त्या घरात एक तरी माणूस आपले होते, हे कळले. आता उरलेले दिवस जातील. शालनला मात्र मरेपर्यंत माफ करणार नाही.

हा मजकूर छापला गेला की तिच्यापर्यंत पोहोचेल; माझे लिहिलेले सगळे ती कोणाकडून तरी मागवून घेते. म्हणून स्पष्ट लिहिते. शालनने कोणाला काही सांगितल्याचे मला माहीत नाही. आप्पांना चौफुल्याचे सांगितले ते मी. आणि त्या दिवशी, त्या घरात, आत्याच्या बाजूने कोणीही बोलले नाही.