दुपारच्या झोपेचं घर

गुणाजी येलवेला बोलता यायच्या आधी गप्प बसता यायला लागलं. नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली, तीत भावंडांची रांग, आणि कोपऱ्यात गोधडीखाली रातपाळी करून आलेला बाप, कुशाबा. आई जाईबाई शेगडीवरचं भांडंसुद्धा असं उतरवायची, जणू स्वतःच्या घरात चोरी करतेय. पोरांना एकच मंत्र: बा झोपलाय. हसायचं तर जिन्याखाली जाऊन हसा, भांडायचं तर मैदानात जाऊन भांडा.

पण खोली गप्प बसली म्हणून चाळ बसते का? दाराबाहेर मधोमध बोगद्यासारखी वाट, दोन्ही अंगांना खोल्या, आणि त्या वाटेत अख्ख्या मजल्याचा संसार मांडलेला. कुणी मसाला कुटतंय, कुणी कळशी आदळतंय, कुणाचं पोर कुणाच्या दारात पडून भोकाड पसरतंय. कुशाबा या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा, शेवटी उठून बसायचा आणि तांबारलेल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत विडी ओढायचा. रात्री पुन्हा गिरणीच्या रिंगखात्यात सूत कातायला उभा. मागावर त्याच्या जातीला घेत नसत, कारण मागावर पगार जास्त. कारण दुसरंच सांगायचे. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागतो, तो बाटेल म्हणे. गोणीतला कापूस बाटत नव्हता, रिंगवरचं सूत बाटत नव्हतं, पगाराच्या जागेशी आलं की बरोबर बाटायचं.

तर असा हा गुणाजी. बापाला दुपारी झोप लागत नाही, एवढं एकच दुखणं घेऊन वाढला. पोरं मोठेपणी मोटार घेईन म्हणतात, हा म्हणायचा, बाला झोपवीन. चाळ हसायची.

हात चांगला होता. जमिनीवर खडूनं रेघ मारली तर सुतारानं वाकून बघावी. मॅट्रिक होऊन फोर्टातल्या एका नावाजलेल्या आर्किटेक्ट कंपनीत नकाशे गिरवायला लागला आणि संध्याकाळच्या वर्गांना बसून स्वतः आर्किटेक्ट झाला. चाळीला तो शब्द जड. तिथं त्याचं नाव पडलं प्लानवाला. ‘प्लानवाल्या, आमच्या मोरीचा पण प्लान काढ रे,’ असं येता-जाता.

दिवस नव्या बांधकामाचे होते. कंपनीचे साहेब परदेशातून शिकून आलेले. कमानी नकोत, नक्षी नको, सपाट छप्पर, उघडं काँक्रीट, सिमेंटच्या जाळ्या. गुणाजीला हे मनापासून पटलं. ह्यात खोटं काही नाही, तो म्हणायचा. खांबावर भार आहे तर भार दिसतो, उगाच सिंहाचं तोंड लावून खांब डरकाळी फोडत नाही. साहेब कल्पना सांगायचे, कागदावर ती उभी करायचा गुणाजी. खाली सही मात्र साहेबांची.

मग मलबार हिलवरच्या एका शेठचा बंगला आला. शेठची मागणी एकच, वामकुक्षीची स्वतंत्र खोली पाहिजे. जेवण झालं की डोळा लागला पाहिजे, आणि नोकरचाकर, मोटारी, पोरं, काही म्हणून कानावर येता कामा नये. साहेबांनी ती खोली गुणाजीवर सोपवली. त्यानं ती घराच्या उत्तरेला टाकली, म्हणजे ऊन नाही. मधे मोरी आणि भिंतभर कपाटं घातली, म्हणजे आवाज त्यांच्यातच मुरतो. बाहेरच्या अंगाला तिरकी सिमेंटची जाळी, म्हणजे वारा येतो आणि उजेड अडतो. खोली झाल्यावर तिच्यात उभा राहिला आणि त्याचे कान वाजायला लागले, इतकी शांतता. जो रात्रभर गादीवर लोळतो, त्याला दुपारी झोपायला खोली. जो रात्रभर साच्यांमधून पळतो, त्याला कोपऱ्यातली गोधडी. गुणाजीनं त्याच दिवशी मनाशी ठरवलं, ही खोली चोरायची. खुशाल चोरायची.

संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं तेव्हा नायगाव, परळ, लालबाग सगळं रस्त्यावर होतं. गुणाजी तरी टेबलाला चिकटून बसणार कसा? मोर्चात गेला, लाठी खाल्ली. छप्पनच्या जानेवारीत गोळीबारात माणसं पडली, आणि तो दंडाला काळी फीत बांधून कामावर गेला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकं कोण होती ते त्याला ठाऊक होतं. म्हणाला, इथं राजकारण नको, फीत काढ आणि काम कर.

‘साहेब, फीत ज्या हाताला आहे त्याच हातानं मी रेघ मारतो,’ गुणाजी म्हणाला. ‘दोन्ही ठेवा नाहीतर दोन्ही सोडा.’

साहेबानं दोन्ही सोडले. गुणाजीनं स्वतःची टी-पट्टी काखेत मारली आणि चालत परळ गाठलं. बायको शांता म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची. तिनं विचारलं, आता? तो म्हणाला, आता आपलं. परळला एका जिन्याखाली टेबल टाकलं आणि वर पाटी लावली. कामं यायची ती दुकानाच्या फळ्या नाहीतर पोटमाळे. पण त्या टेबलाच्या खणात एक नकाशा तयार होता, आणि तो कुणी मागितलेला नव्हता.

अठ्ठावन्न साली गिरणीकामगारांच्या एका सोसायटीला नायगावजवळ जमीन मिळाली, आणि तो मागायची वेळ आली. सोसायटीत रिंगखात्यातले बौद्ध होते, मागावरचे कोकणी मराठे होते. चळवळीत एका लाठीखाली आलेली माणसं, म्हणून एका छपराखाली यायला तयार झाली. एरवी कधी झाली असती देव जाणे. अध्यक्ष शामराव परब, देवगडकडचा. अंगानं आडवा, आवाजानं उभा, आणि मिशी अशी की दारातून आधी ती आत यायची. माणूस सोन्यासारखा, पण एकदा नाही म्हटलं की नाही.

गुणाजीनं नकाशा मांडला. प्रत्येक मजल्याला दक्षिणेकडून एकच मोकळी गॅलरी, अंगणावर. गॅलरीला लागून बसायची जागा आणि स्वैपाक. मग मोरी आणि कपाटांची भिंत. आणि तिच्या पलीकडे, उत्तरेला, जाळीआड, एका माणसाला पाय पसरता येतील एवढी निजायची जागा. प्रत्येक घरात. नळही प्रत्येक घरात. का, ते त्यानं बोलून दाखवलं नाही. ज्यांच्या आयांनी नळावर लांब उभं राहून पाणी घेतलं होतं, त्यांना समजलं.

शामरावनं कागद उलटा करून बघितला. पाठीमागे तरी काही शोभेचं असेल म्हणून. कमानी कुठायत, तो म्हणाला, खांबांवर सिंह कुठायत? जल्मभर खुराड्यात राहिलो आणि आता स्वतःचं घर बांधायचं तेही गिरणीच्या गोदामासारखं? बोलणं तसं खोटं नव्हतं. ज्यांच्या वाट्याला कधी शोभा आली नाही, त्यांनी शोभा मागितली तर त्यात हसण्यासारखं काय? एक कंत्राटदार कमानी-सिंहांसकट तयार नकाशा घेऊन बसलाच होता. आत मात्र तीच जुनी चाळ, मधे बोगदा, दोन्हीकडे खोल्या. शामराव त्याच्या बाजूला झुकला, त्याच्यामागे निम्मी कमिटी. पुढल्या रविवारी सभासद काय म्हणतील ते अखेरचं, असं ठरलं.

गुणाजी घरी येऊन दोन घास जेवला आणि ताट बाजूला सारलं. कागद हे वाचणार नाहीत, तो शांताला म्हणाला. ती म्हणाली, मग कागदावर कशाला काढतोस?

रविवारी सकाळी कबड्डीच्या मैदानात संघातली पोरं फक्की घेऊन आली, ज्या चुन्याच्या भुकटीनं ती खेळाच्या रेघा आखायची तीच. गुणाजीनं दोऱ्या ताणल्या, पोरांनी फक्की सोडली, आणि बघता बघता मैदानात एक अख्खं घर आडवं पडलं. खऱ्या मापाचं. रेघ म्हणजे भिंत, रेघ तुटली तिथं दार. सभासद जमले, आणि गुणाजीनं भाषण केलं नाही. बायकांना एवढंच म्हणाला, आत या, सामान लावा.

आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग जाईबाईनं दाराशी चपला काढल्या आणि आत गेली. चपला काढल्या! मोकळ्या मैदानात, पांढऱ्या रेघेबाहेर. तिच्या मागोमाग जी ती चपला काढून आत. शामरावची बायको कौसल्या घरून शेगडी घेऊन आली आणि स्वैपाकाच्या चौकोनात बसकण मारून हात पुरतात का बघायला लागली. जाईबाईनं बाबासाहेबांचा फोटो भिंतीच्या रेघेला विटेच्या आधारानं उभा केला. कौसल्येनं विचारलं, मग आमचे देव खंय? तिकडच्या भिंतीला, जाईबाई म्हणाली, आणि मधे कपाट आहे, त्यांना एकमेकांचा त्रास नाही. दोघी खूप हसल्या. गॅलरीत बायका कोपर टेकायला कठडा नाही म्हणून कमरेवर हात ठेवून गप्पा मारायला लागल्या. एक पोर रेघेवरून चालत होतं, तर त्याच्या पाठीत धपाटा बसला, भिंतीवर चढतोस म्हणून.

कुशाबा पाळीवरून थेट तिथंच आला होता. गुणाजीनं निजायच्या चौकोनात चटई टाकली आणि म्हणाला, बा, पड जरा. कुशाबा पडला. सगळं मैदान त्याच्याकडे बघायला लागलं. त्यानं एक डोळा उघडला. ‘ऊन लागतंय,’ तो म्हणाला. ‘छप्पर घाल, मग सांगतो.’

लोक खदखदले, आणि शामरावची खोपडी सरकली. तो मघापासून आत उभा राहून सगळा तमाशा बघत होता. पोरखेळ चाललाय, फक्की टाकून घर होतं काय, असं गरजला आणि धोतराचा सोगा सावरत तरातरा निघाला.

‘अवो, खंय चाललास?’ स्वैपाकघरातून कौसल्या ओरडली. ‘थंय भिंत आसा!’

आणि शामराव थांबला. एक पाय उचललेला, तो तसाच हवेत. खाली रेघ. त्यानं रेघेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पाय मागे घेतला. मग वळला, कपाटाला वळसा घातला, स्वैपाकातून बायकोच्या शेगडीला धक्का न लावता गेला, दारातून बाहेर पडला आणि वाकून स्वतःच्या चपला शोधायला लागला.

आणि मैदानात असा हशा फुटला की शेजारच्या चाळींच्या खिडक्या उघडल्या. हात वर करा, मोजा, ह्याची गरजच उरली नाही. ज्यानं भिंत मानली त्यानं घर मानलं. हे शामरावलाही कळलं. पण मिशी खाली कशी पडू द्यायची? चपला घालून तो दारातच उभा राहिला.

‘गुणाजी, बांध तुझा गोदाम,’ तो म्हणाला. ‘पन एक ऐक. खाली लेझीम वाजताना तुझो बापूस दुपारचो वर झोपलो, तर ही मिशी मी उतरून ठेवतंय.’

गुणाजी म्हणाला, ‘न्हावी माझ्याकडनं.’

दोन वर्षं बांधकाम चाललं. सिमेंटला परमिट, परमिटाला रांग, सगळे भोग झाले. आणि गंमत ही, की ज्या दिवशी शामराव हो म्हणाला त्या दिवसापासून गुणाजीपेक्षा तोच जागेवर जास्त. सुट्टीच्या दिवशी मागावरचे आणि रिंगवरचे एकाच घमेल्याला हात लावून जाळ्या ओतायचे, आणि कुणाची जाळी वाकडी निघाली तर शामराव ती हातोड्यानं फोडून परत ओतायला लावायचा. कंत्राटदार एकदा म्हणून गेला की दर्शनी बाजूला एखादी कमान टाकूया. शामराव त्याला म्हणाला, कमान तुझ्या कपाळावर टाक.

साठ सालचा एक मे रविवारी आला. राज्य आपलं झालं होतं. चाळीचाळीला तोरणं, गल्लीगल्लीत गुलाल, आणि सोसायटीनं ठरवलं, घरांचा ताबा आजच. दुपारी अंगणात लेझीम उतरली, ढोल-ताशा उतरला. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. ऊन, उडता गुलाल, आणि मागे ती इमारत, साधी, पांढरी, एकही सिंह नसलेली, दिमाखात उभी.

कुशाबा सकाळी शनिवारची पाळी सोडून आला होता. भाकरी खाल्ली, नव्या घरात उत्तरेला गेला, पडदा ओढला. ढोल सुरू झाला तशी गुणाजीला आठवण झाली. मलबार हिलच्या शेठच्या खिडकीखाली कुणी ताशा वाजवला नव्हता. ही परीक्षा त्या खोलीनं कधी दिलीच नव्हती. तो अंगणात उभा राहून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघत राहिला. बा तिथं येऊन कठड्याला टेकला आणि त्यानं विडी पेटवली, की संपलं सगळं.

शामराव म्हणाला, मी बघून येतो, आणि वर गेला. त्याच्या मागोमाग निम्मी कमिटी जिना चढली. जाईबाई शेगडीशी होती, तिनं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच ते काढून घेतलं. मोठ्यानं म्हणाली, या ना, चहा टाकते. शामरावनं कपाटाला वळसा घातला आणि पडदा बाजूला केला.

तो खाली आला. गुणाजीजवळून गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबला, आणि सरळ अंगणाच्या कोपऱ्यात गेला. तिथं गुणाजीनं सकाळपासून न्हावी बसवून ठेवला होता.

लेझीम थांबली ती अशी की ताल चुकून एकमेकांवर आदळली. शामराव टॉवेल झटकून उठला, आणि वरचा ओठ असा उघडा की कौसल्येनं लग्नानंतर पहिल्यांदा त्याचं तोंड पूर्ण बघितलं. ती गॅलरीतून म्हणाली, बरो दिसतास रे! मग ढोल जो पेटला, तो मघापेक्षा दुप्पट. शामराव स्वतः लेझीम घेऊन पुढे.

पुढे गुणाजीनं पुष्कळ बांधलं. शाळा बांधल्या, वाचनालयं बांधली, एका इस्पितळाचा विभाग बांधला, खाली स्वतःची सही केली. परदेशातले पाहुणे येऊन जाळ्यांचे फोटो काढून गेले. पण तो आर्किटेक्ट झाला तो त्या दुपारी, चारच्या सुमाराला, जेव्हा गुलालानं लाल झालेल्या अंगणाला मिरवणुकीनं वेढे घालून घालून पोरांचे घसे बसले होते आणि जिन्यावरून कुशाबा खाली उतरला. डोळे पांढरेशुभ्र, गालावर चटईचे वळ. त्यानं आळोखेपिळोखे दिले, पोराकडे बघितलं, बिनमिशीच्या शामरावकडे जरा निरखून बघितलं, आणि विचारलं:

‘काय रे, लेझीमवाले आले नाहीत अजून?’