न पाहिलेल्या झडतीचा पंच

जी झडती मी पाहिलीच नाही, तिचा मी पंच झालो. ही माझी चूक. आधीच सांगून टाकतो, कारण एकदा हकिकत सुरू झाली की मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन. इतकी वर्षं तेच करत आलोय.

पोलीस कुणाच्या घराची झडती घेतात तेव्हा बाहेरची दोन माणसं तिथे हजर असावी लागतात. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची. कायदा असा आहे. आमच्याकडे मात्र पंचनामा लिहून तयार होतो आणि सहीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारात येतो. मी मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्याआधीही मी अशा सह्या केल्या होत्या. कुणाची मोटरसायकल सापडली, कुणाची सोनसाखळी. हवालदार ओळखीचे, चहा पिऊन जायचे. उद्या आपल्यालाही त्यांची गरज लागणार, असा साधा हिशोब होता. त्यात काही वाईट आहे असं मला वाटतही नव्हतं.

ज्याच्या झडतीची ही गोष्ट, तो आमच्याकडे गाड्या धुवायचा आणि बागेला पाणी घालायचा. कांजूरमार्गला कचऱ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याची झोपडी होती. बायको सिग्नलवर गजरे विकायची. समाजाने पारधी. कामाला लागताना त्याने स्वतःहून सांगितलं होतं, ‘‘साहेब, मी आत जाऊन आलेलो हाय. वायर चोरली होती. पुन्यांदा नाय करायचो.’’ मला ते आवडलं होतं. मी कमिटीत त्याची बाजू घेतली. खरं सांगायचं तर त्याला काम दिल्याचा मला अभिमान होता. पाहुण्यांना खिडकीतून दाखवायचो, तो बघा, शिक्षा भोगून आलाय, आता किती छान काम करतो. जणू तो म्हणजे मीच लावलेलं झाड होता.

मग एका सकाळी गच्चीवरच्या टाक्यांचे पितळी व्हॉल्व्ह गेले. पाणी जिन्यावरून धो धो खाली आलं. बायका बादल्या घेऊन उभ्या, लिफ्ट बंद, खजिनदार लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरून ओरडत होते.

‘‘सेक्रेटरी, सांगितलं होतं मी! पारधी ठेवू नका म्हटलं होतं. घ्या आता, करा समाजसेवा!’’

‘‘त्याने केलं हे कुणी पाहिलंय?’’ मी विचारलं. इतकं तरी विचारलं.

‘‘पाहायला कशाला पाहिजे? एकदा आत जाऊन आलेला माणूस. त्यात ही जात. तुम्हीच सांगा, दुसरं कोण असणार?’’

मला राग आला होता, पण खजिनदारांचा नाही. त्याचा. मी याला संधी दिली आणि याने मला मान खाली घालायला लावली, असं वाटलं. पुरावा असा काहीच नव्हता. मनात आधीपासून एक जागा रिकामी होती आणि तो तिच्यात बरोबर बसला, एवढंच.

रविवारी हवालदार आले. बायको बांगडे साफ करत होती, घरभर वास सुटला होता. हवालदारांनी सोफ्याच्या कडेवर टेकून कागद पुढे केला.

‘‘माल मिळाला साहेब. झोपडीत, चुलीमागे पुरून ठेवलेला. दोन मिनिटांचं काम आहे, सही मारा.’’

‘‘मला यायला नको होतं का तिथे?’’

‘‘कशाला त्या घाणीत येताय? आम्ही गेलोच होतो ना. आणि या लोकांचं काय नवीन आहे? सुटतात, परत करतात. यांचं रक्तच तसलं.’’

‘‘कबूल केलं त्याने?’’

‘‘करेल,’’ हवालदार म्हणाले आणि चहाचा कप तोंडाला लावला.

कागदावर लिहिलं होतं की माझ्या समक्ष चुलीमागची माती उकरली आणि माझ्या समक्ष पितळी व्हॉल्व्ह बाहेर काढले. मी सही केली. हात पुसून केली, कागदाला डाग लागू नये म्हणून.

इथे मेहुण्याबद्दल सांगायला हवं. बायकोचा धाकटा भाऊ कणकवलीहून नोकरीसाठी आला आणि आमच्याकडेच राहिला. गोड बोलणारा, भाचरांचा लाडका. मोबाइलवर पत्ते खेळायचा नाद होता. घाटकोपरला एका ओळखीच्या दुकानात कामाला लागला तेव्हा गल्ल्यात हात घातला. दुकानदार आमच्याच गावचा, त्याने मला दुकानाच्या पोटमाळ्यावर बोलावून सांगितलं, ‘‘पोर आपलाच आसा, खंय बोभाटो करूचो?’’ मी भरपाई केली. नंतर शेजारच्या इमारतीतली एक महागाची सायकल गेली, तीही आमच्या बैठकीच्या खोलीत तशीच मिटली. त्याच्याबद्दल कुठल्याही चौकीत काही नोंद नाही. आमच्या भाषेत तो ‘जरा भरकटलेला’ होता.

गणपतीच्या आधी मखर काढायला मी माळ्यावर चढलो. मखराच्या खोक्यामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. पाना होता आणि दोन व्हॉल्व्ह. दोन्ही व्हॉल्व्हवर हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा. तो पट्टा मीच प्लंबरला मारायला लावला होता, आमचं सामान ओळखू यावं म्हणून. बाकीचे बहुधा भंगारात गेले होते. मग चुलीमागून निघालेले कुणाचे होते? कुठून आणले होते? मी शिडीवर तसाच बसून राहिलो. खालून मुलगी विचारत होती, ‘‘बाबा, मिळालं का?’’

मेहुणा नाकारत बसला नाही. ‘‘भावजी, एकदाच. आईशपथ, शेवटचं. खूप हरलो होतो.’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘आता तर त्यांनी पकडलाय ना कुणाला तरी.’’

मी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती.

‘‘अहो, त्याचं लग्न ठरतंय,’’ ती म्हणाली. ‘‘बोरिवलीची माणसं चांगली आहेत. हे बाहेर गेलं तर वाट लागेल त्याची.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तो आधीही जाऊन आलाय ना?’’ असं बोलून तिने तोंड फिरवलं. ती दुष्ट नाही. हेच वाक्य माझ्याही मनात तयार होतं, तिने फक्त आधी उच्चारलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही मनोरीला गेलो. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलो. मुलं पुढे उभी राहून बगळे दाखवत होती. मी मागच्या बाजूला गेलो आणि पिशवीतला तो टॉवेल खाडीत सोडला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तरी तेव्हापासून मला तो आवाज ऐकू येतो, जो झालाच नाही. आंघोळीची बादली भरताना, कुंडीला पाणी घालताना येतो. गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली की मी ताडकन उठतो.

बागेत तर मला तो दिसायचाच. नवा माळी यायचा, पण पाइप हातात धरून पाठमोरा उभा राहिला की मला वाटायचं, आता तो वळेल. वळायचा तो दुसराच कुणी. मी सकाळी खिडकी उघडणं बंद केलं.

खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीचं समन्स आलं. मी ठरवलं होतं, खरं बोलायचं. निदान आज वाटतं की ठरवलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात तो पोलिसांबरोबर बसला होता, वाळलेला. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. मी मान डोलावली, जशी बागेतून जाताना डोलवायचो. मग सरकारी वकिलांनी येऊन सांगितलं, ‘‘तुम्ही जाऊ शकता. आरोपीने गुन्हा कबूल केलाय.’’ जामीन भरायला कुणी नव्हतं. आत राहून जितके महिने गेले होते तितकीच शिक्षा झाली आणि तो सुटला. खटला लढला असता तर अजून आत राहिला असता. घरी जायची एकच वाट होती आणि ती ‘होय, मी केलं’ म्हणण्यातून जात होती. मला सुटल्यासारखं वाटलं. कोर्टाबाहेर उसाचा रस प्यायलो.

सुटल्यावरही तो सुटला नाही. मुलुंड-भांडुपमध्ये कुठे काही गेलं की त्याला उचलायचे. दोन-चार दिवसांनी सोडायचे, मग पुन्हा. मेहुण्याचं लग्न झालं, तो बोरिवलीला राहायला गेला. त्याला मुलगी झाली, नोकरी टिकली. बारशाला सगळे म्हणाले, पोरगा किती सुधारला.

गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदारांनी कुठूनतरी आलेला एक तक्ता टाकला. कुठल्या समाजातले किती लोक तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा गुन्हा करतात, याचा. रंगीत पट्ट्या, कुणाची लांब, कुणाची आखूड. खाली कुणी अंगठे टाकले, कुणी लिहिलं, ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ तो तक्ता खरा होता की कुणी घरी बसून बनवला होता, मला माहीत नाही. मी ती सगळ्यात लांब पट्टी बोटांनी मोठी करून बघत राहिलो. अशी पट्टी खरोखर मोजून काढली असेल तर तिच्यात कुठेतरी एका माणसाएवढी जागा माझ्या सहीने भरली होती. आणि आमच्यासारख्यांच्या आखूड पट्टीत मेहुणा नव्हताच. तो दुकानदाराच्या पोटमाळ्यावर, माझ्या बैठकीच्या खोलीत, मनोरीच्या खाडीत मोजायचा राहून गेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी त्याची, गजरे विकणारी बायको गेटवर आली. वॉचमनने आत सोडलं नाही, मी खाली गेलो. तिच्या हातात नोटीस होती. त्याला मुंबई आणि ठाण्यातून तडीपार करायचा प्रस्ताव होता. म्हणजे दोन वर्षं या हद्दीत पाय ठेवायचा नाही.

‘‘कुठं जायचं दादा? गाव नाय, शेत नाय. पोरगी इथं साळंत जाते. तो गेला तर आमी रस्त्यावर कसं ऱ्हायचं?’’

‘‘मी काय करू?’’ मी म्हणालो.

‘‘तुमच्याकडं कामाला व्हता. चांगला व्हता असं लिवून द्या. तुमी मोठी मानसं, तुमची सही चालती.’’

ती टोमणा मारत नव्हती. पंचनाम्यावर कुणाची नावं होती हे तिला वाचताच येत नव्हतं. मी गेटचा गज धरून उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, ‘‘सर, पाणी आणू का?’’

घरी येऊन बायकोला सांगितलं की सुनावणीला मी जाणार आणि सगळं बोलणार.

‘‘सगळं म्हणजे?’’

‘‘सगळं.’’

‘‘माझ्या भावाची मुलगी अजून चालायला लागली नाही हो.’’

‘‘त्याचीही मुलगी आहे.’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललात?’’ ती म्हणाली.

सुनावणीत मी सांगितलं की झडतीला मी नव्हतो, नुसता कागद वाचून सही केली, आणि आमचे व्हॉल्व्ह नंतर माझ्याच घरात सापडले. कुणी ठेवले होते, असं विचारलं तेव्हा मेहुण्याचं नाव घेतलं. अधिकारी म्हणाले, ‘‘हे तुमच्यावर उलटू शकतं, कळतंय ना?’’ मी हो म्हटलं. लेखनिकाने जबाब लिहून घेतला. तो मी शब्द न् शब्द वाचला आणि मग सही केली.

तडीपारीचा प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. बाजूला ठेवला म्हणजे संपला असं नाही, असं त्याचे वकील म्हणाले. जुन्या शिक्षेचं काय, विचारलं तर म्हणाले, स्वतःच कबूल केलंय, आता ती पुसणं फार अवघड. बायको त्या आठवड्यात बोरिवलीला भावाकडे गेली, अजून तिथेच आहे. मला किंवा मेहुण्याला अजून कुणी बोलावलेलं नाही. बोलावतील तेव्हा जाईन.

तो सुनावणीला हजर होता, पण तिथे आम्ही बोललो नाही. काही दिवसांनी मी कांजूरला गेलो. वाऱ्याबरोबर कचऱ्याचा धूर येत होता. तो झोपडीबाहेर बसून गजऱ्यांसाठी दोरे कापत होता. मला बघून उठला, अंगातला शर्ट नीट केला.

‘‘बसा साहेब. खुर्ची नाय.’’

मी खाली बसलो. आत चूल दिसत होती, तिच्यामागची जमीन सारवलेली. तेवढी जागा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

‘‘कोर्टात तुम्ही मला हात जोडलेत,’’ मी म्हणालो, ‘‘तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, की त्या कागदावर मी सही केलीय?’’

‘‘व्हय. वकिलानं वाचून दावलं व्हतं.’’

‘‘मग हात का जोडलेत?’’

‘‘वाटलं, तुमी बोलाल,’’ तो म्हणाला.

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी दोघांना ऐकू जाईल असं बोललो. ‘‘मी इथे आलो नव्हतो. काही पाहिलं नव्हतं. तुम्ही चोरी केलीत असं मी मनाने ठरवलं, कारण तुम्ही आधी आत गेला होतात आणि कारण तुम्ही पारधी आहात. चोर माझ्या घरात होता, हे कळल्यावरही गप्प बसलो. जे सापडलं ते खाडीत टाकलं. तुमचे ते महिने मी परत देऊ शकत नाही, आणि पुढे कुणी तुमच्या नावासमोर ‘पुन्हा’ लिहिलं तर ते माझ्यामुळे असेल. माझं चुकलं. तुमचंही आणि ताई, तुमचंही मी वाईट केलं. मला माफ करा.’’