मंगळावरचा पंचनामा

चिखलीतले कोंडीरामआण्णा काय करतात, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. शेती होती, तिच्यावर आता आमच्या सोसायटीचे टॉवर उभे आहेत. मुलगा चाकणला कंपनीत. आण्णा स्वतः पंच. क्रिकेटचे नव्हेत, अपघाताचे. चाकण रस्त्यावर कंटेनरनं टेम्पोला उडवलं, की पोलिसांची जीप थेट आण्णांच्या ओट्यापुढं येऊन हॉर्न वाजवायची. आण्णा पांढरी टोपी चढवून ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि पंचनाम्याला उभे राहायचे. पंच व्हायचं म्हटलं की लोक मागच्या गल्लीनं पसार होतात, कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून. आण्णांना मात्र तारखा आवडायच्या. कोर्टात वकील आपल्याला 'अहो-जाहो' करतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

नियम एकच. जागेवर गेल्याशिवाय सही नाही. एका हवालदारानं एकदा चौकीतच कागद पुढं केला, तर आण्णांनी त्यालाच भर उन्हात मोशीपर्यंत नेलं आणि टायरच्या खुणेवरून चालायला लावलं.

पण वर्षभर जीप आली नव्हती. आता सगळं मोबाइलवर शूट होतं, पंच म्हणून सरकारी नोकर घेतात. आण्णा तरी रोज टोपी घालून ओट्यावर बसत. हॉर्न वाजला की मान वर. बहुतेक वेळा गॅसवाला असे.

"आता फोटूच साक्ष देत्यात," ते मला म्हणत. "आमी कशाला?"

अशात एका संध्याकाळी त्यांची आठवीतली नात हर्षाली लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. अमेरिकेनं रोव्हरबरोबर मंगळावर एक छोटं हेलिकॉप्टर पाठवलं होतं. ते पडलं, रोव्हरनं लांबून फोटो काढले, आणि फोटोंवरून शास्त्रज्ञांनी अपघाताचा तपास केला. घरात पंच असताना साधा तक्ता कशाला, म्हणून पोरीनं पंचनामाच लिहायला घेतला होता.

"आण्णा, तुमची सही पाहिजे."

आण्णा सरसावून बसले. पडद्यावर तांबूस वाळू आणि मधोमध मोडक्या पात्यांचं ते यंत्र.

"डायवर कुठंय?"

"ड्रायव्हर नसतो त्याला."

"पळाला," आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले. "दर टायमाला पळतो. लिही, चालक घटनास्थळावरून फरार."

"आण्णा, ते आपोआप उडतं!"

"मालक आसंच सांगत्यात पोरी. बरं, चतुःसीमा घे. पूर्वेला काय?"

"वाळू."

"पश्चिमेला?"

"वाळूच. उत्तरेला आणि दक्षिणेलापण."

"पर प्लॉट कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

चिखलीत जन्म गेलेल्या माणसाला हे पचेना. "येवढी जागा मोकळी? आन् कुणी साधं पत्र्याचं शेडबी न्हाई मारलं?"

मग हर्षालीनं कारण सांगितलं. हेलिकॉप्टरचा कॅमेरा खालचे दगडधोंडे बघून वाट ओळखायचा. इथं सगळीकडं सारखीच वाळू. त्याला अंदाज आला नाही, उतरताना आपटलं, पाती मोडली. एक पातं तर दूर उडून पडलं.

"मंग त्याची चूक न्हाई," आण्णांनी निकाल दिला. "समदं सारखंच दिसल्यावर कुनीबी चुकंल."

"चुकंल न्हाई, चुकलेत," दारातून छबूबाई, म्हणजे आण्णांची मंडळी, माझ्याकडं हात करून म्हणाल्या. "परवा ह्या भाऊंकडं म्हनून निघाले आन् दुसऱ्याच बिल्डिंगीत शिरले. परक्याच्या सोफ्यावर बसून पानी मागितलं!"

"माझ्याच वावरात हरवलो गं," आण्णा हळूच म्हणाले. आणि पुन्हा पडद्याकडं वळले. "फोटू कुनी काढले?"

"रोव्हरनं. दोघं बरोबरच गेले होते."

"म्हंजे घरचाच साक्षीदार. किती लांबनं काढले?"

"साडेचारशे मीटर असेल."

"जवळ न्हाई गेला?"

"नाही. पुढं गेला. त्याला दुसरी कामं होती."

आण्णांनी चष्मा काढला. "लांबनं फोटू काढून म्होरं जानारे लई बघितले म्या. सही न्हाई व्हायची."

"आण्णा! तिथं कुणालाच जाता येत नाही. शास्त्रज्ञांनीपण फोटोवरूनच केलंय सगळं."

"मंग त्यांची घे."

हर्षालीचे डोळे भरले. "मी बाईंना सांगितलंय, खरे पंच सही करणार म्हणून."

आण्णांचा चेहरा बघवेना. वर्षभरानं कुणीतरी सही मागितली, तीही लाडक्या नातीनं, आणि तीही फोटोवर. वातावरण निवळावं म्हणून मी पेन काढून दुसऱ्या पंचाच्या जागी सही ठोकली.

"तुमचं बरं हाय," आण्णा म्हणाले. "फ्लॅटच्या कागदावरबी आशीच केली आसंल."

तशीच केली होती.

आण्णांनी कागद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घालून नातीला परत दिला. पहिल्या पंचाच्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जागेवर येण्यास तयार आहे. गाडी पाठवावी.' आणि खाली सही. पोरगी गाल फुगवून तो तसाच घेऊन गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. हॉर्न वाजला. आण्णांची मान वर झाली. गॅसवाला नव्हता. शाळेची पिवळी व्हॅन होती. आतून हर्षालीनं उडी मारली.

"आण्णा, चला! बाईंनी तुमची ओळ वाचली. म्हणाल्या, पंचांना घेऊन या. सगळी मुलं तुम्हालाच विचारतायत, ड्रायव्हर पळाला कुठं!"

आण्णांनी टोपी सारखी केली. आणि जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले.

छबूबाई बाहेर आल्या. "कुठं निघालात?"

"जागेवर."

"पोरगी म्हनत हुती, निसतं जायालाच सात महिने लागत्यात. डबा किती दिसांचा बांधू?"

आण्णांनी काच खाली केली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "निसती चटणी दे. भाकरी न्हाई टिकायच्या."