कुणाला काय दिसावं

आपण काय काम करतो हे सविस्तर सांगितल्याशिवाय आमच्या धाकट्या भावोजींच्या तावडीतून सुटलेला माणूस अख्ख्या काशीत सापडायचा नाही. हे माझे दीर. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि माणसांच्या मागे लागले. न्हाव्याला विचारणार, "बाबा, वस्तरा बोथट झालेला तुला हाताला आधी कळतो की कानाला?" न्हावी विचारात पडायचा आणि साबण गालावर वाळून जायचा. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात पकड असताना डॉक्टरांना खुणेने विचारत होते, त्या छोट्या आरशात नक्की दिसतं काय? शेवटी डॉक्टरांनी आरसाच त्यांच्या हातात दिला. घरी आले ते गाल हा एवढा सुजलेला, पण खुशी अशी की जणू कुणाच्या लग्नाहून आलेत.

तर आमच्या मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आपल्याकडच्या यात्रेकरूंसाठी एक यात्री निवास आहे. तिथल्या ट्रस्टींनी फर्मान काढलं, की आता प्रत्येक कामवाल्यासमोर त्याच्या कामाची माहिती दाखवणारा एक कॉम्प्युटरचा पडदा लागणार, डॅशबोर्ड म्हणतात त्याला, आणि ज्याला तो जमणार नाही त्याने घरी बसायचं. कुणाच्या पडद्यावर काय दिसावं हे ठरवायचं काम भावोजींना कुणी दिलं नाही, त्यांनी ते ओढून घेतलं. कॉम्प्युटरची खटपट माझ्या लेकाची, डोकं भावोजींचं. मला म्हणाले, "वहिनी, केबिनमधल्याला सगळी लाइन दिसायला हवी. पण फाटकावरच्या माणसाला एकच कळायला हवं, गाडी येतेय की नाही. त्याला सगळं दाखवलंत तर तो बघत बसेल आणि फाटक उघडं राहील." मग निघाले विचारत. खोल्या साफ करणारा लल्लन रोज रामनगरहून येतो. तो दोन तास प्रश्न ऐकून हात जोडून म्हणाला, "चाचा, हमको बस इतना दिखा दीजिए कि कौन कमरा खाली हुआ. बाकी दुनिया आप देखिए." झाला लल्लनचा पडदा.

राहिल्या इंदूबाई. वीस वर्षं तिथला स्वयंपाक बघतात, आकडे येतात, अक्षरं नाहीत. त्यांच्यासाठी भावोजींनी चित्रं काढवून घेतली. साध्या जेवणाला ताट, श्राद्धाला केळीचं पान, उपासाला साबुदाण्याची वाटी. चित्रावर बोट ठेवलं की किती माणसं ते दिसणार. भावोजी स्वतःवरच लुब्ध! आणि पहिल्याच दिवशी घोटाळा. त्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक, म्हणजे इंदूबाई सोवळ्यात. सोवळ्यात ती बाई सख्ख्या भाचीला शिवत नाही, ती दहाजणांनी हाताळलेल्या त्या काचेला बोट लावणार? पडद्यासमोर उभी राहिली, बघितलं, आणि अंदाजाने चौघांचं केलं. पानावर बसले नऊ. वडे संपले, खीर संपली, आणि वडलांच्या नावाने पान वाढायला साताऱ्याहून आलेली माणसं तशीच बसून राहिली. ट्रस्टी म्हणाले, "बाईंना झेपत नाही. पुढच्या महिन्यापासून दुसरा आचारी बघू."

इंदूबाई माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत हो. एवढंच म्हणाल्या, "ताई, मला स्वयंपाक येतो. त्या काचेत शिरायला येत नाही."

भावोजींना सांगितलं तर कपाळाला हात लावून बसले. "चूक माझी. माझी आई सोवळ्यात असली की मला चिमट्याने बाजूला सारायची, तुमच्यादेखत वहिनी, आणि मी विसरलो!" दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसले. तीन दिवस. "बाई, सकाळी आधी काय बघता? डाळ की तांदूळ?"

"आधी तुम्ही उजेडातून सरका, साहेब," इंदूबाई म्हणाल्या.

सरकले. आणि नवा पडदा लावला तो भिंतीवर उंच, कुणी हात लावायचाच नाही असा. वर काउंटरवर नोंद झाली की खाली आकडा आपोआप बदलतो. तीन चित्रं, तीन आकडे, चुलीपासून वाचता येतील एवढे मोठे. ट्रस्टी परीक्षा घ्यायला उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. "सांगा बाई, आज काय काय आहे?" इंदूबाईंनी झारा हातात धरूनच मान वर केली. "साधी बत्तीस, श्राद्धाची सात, उपासाचं एक. ते एक म्हणजे तुमचंच ना? काल काउंटरवर सांगितलंत म्हणे. मग मिशीला कचोरी कशी लागली?"

ट्रस्टींनी मिशी पुसली. दुसऱ्या आचाऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा भावोजींच्या मुलीने त्यांना पुण्याला नेलं. एकटे किती दिवस राहणार, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. फोन करतात तेव्हा घरच्यांची चौकशी दोन मिनिटं, पडद्याची वीस. परवा विचारत होते, "इंदूबाईंना विचारा वहिनी, काही कमी-जास्त करायला हवंय का?" मी विचारून आले. इंदूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "सगळं दिसतं म्हणावं. साहेब परत कधी येणार, तेवढं दिसत नाही."

मी ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं. भावोजी म्हणाले, "वहिनी, ते इथूनही दिसत नाही."